सोसायटीची पेटी नासली

चैत्र वद्य ४, सोमवार
दूध सोसायटीनं भजनाला दिलेली वाजवायची पेटी नासली आन् बायांना त्याचं कायबी न्हाई. जनावरांच्या चारा छावनीत भजनाला बसलो तर सूर नव्हं, पत्र्यावर भांडी आपटल्यावानी. वाजवनारी माझी सून, शोभा. म्हनलं, "बोटं हायत का खुंट्या?"
"आत्याबाई, रोजच्यावानीच वाजवली."
रोजच्यावानी म्हनं.

वद्य ७, गुरुवार
टँकर न्हाई. पेटी खोलायला लावली, फुफाटा पुसला. तसंच. एकेक पट्टी दाबली की बरी, दोन संगं दाबल्या की भांडत्यात. गया, माझी धाकटी जाऊ. भजनात मी ओळ म्हनते, ती मागून उत्तर देती, लग्नापासून. हळूच म्हनली, "आक्का, पेटी चांगली हाय."
"मंग माजे कान नासले का?"
गयानं पेटीवर फडकं टाकलं.

वद्य १०, रविवार
बीडला कान दावायला गेलते. कान चांगले. डाक्तर म्हनला, "आजी, मागं झटका आलता ना, त्याचं हे. तोंड सुधारलं, हात सुधारला. पन मेंदूत जिथं दोन आवाजांचा मेळ बसतो, ती जागा दुखावली."
"परत येईल?"
"येईल. न्हाईबी."
एवढं शिकून एवढंच. यष्टीत गानं लावलं होतं, कंडक्टर मान डोलवीत होता. मला नुसता गलका. रडू न्हाई आलं. आल्यावर म्हशींना ऊस टाकला. शोभाला पेटी परत दिली. तिनं ती पदरानं पुसून ठेवली.

वद्य १३, बुधवार
उद्या म्हैन्याची शिवरात्र, छावनीत भजन. बाया हौदापाशी बोलत्यात, आक्कानं आता भजनात पुढं बसू नये. तोंडावर एकीची हिंमत न्हाई.
दुपारी पेटीवर हात ठेवून बसले. शोभानं दावल्या तशा न जुळनाऱ्या पट्ट्या दाबल्या की लाकूड थरथरतं. जुळत्या दाबल्या की निवांत. कानाला दोन्ही सारखंच. मंग गयाच्या पाठीवर हात ठेवला, म्हनलं, म्हन. मीबी म्हनलं. हाताला कायतरी लागलं, कायतरी...
"जुळलं का गं?"
"एकदा जुळलं."
"कवा?"
"तुमी थांबायच्या जरा आधी."
मेली चावट.
उद्या पुढं मीच म्हननार. गयानं माज्या म्होरं बसायचं, पाठ माज्या हाताला लागंल अशी. उत्तर तिनं एकटीनंच द्यायचं. बाकीच्यांनी टाळ धरावेत, तोंड उघडायचं न्हाई.