चूल विझवायच्या आधी

४ नोव्हेंबर, सोमवार

ह्यांनी आज चार चमचे पेज घेतली! दह्याचा रिकामा डबा धुऊन त्यातूनच नेली — नवा कशाला विकत घ्यायचा. दवाखान्याचं सूप बघून म्हणाले, "भांडी विसळलेलं पाणी आहे, तूच पी." हसले. मग खोकला.

यशपाल म्हणतो, "आई, तिथं जेवण देतात. रोज कशाला धावतेस?"

देतात रे. भरवतं कोण? शेजारच्या खाटेवरचे म्हातारे हेर फोग्ट — इथं जर्मनीत श्रीयुतांना 'हेर' म्हणतात — त्यांचं ताट तसंच परत जातं. भेटायला कुणी नाही.

६ नोव्हेंबर, बुधवार

खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ लांगे आल्या. तरुणपणी त्या टांझानियात, खेड्यातल्या मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या. नात मैत्री मधे बसून मला अर्थ सांगत होती. मला पेज ढवळताना बघून बाईंना तिथलं आठवलं. जर्मन डॉक्टरनं आधी खाटा मांडल्या, औषधं आणली — माणसं येईनात! आजाऱ्याला रांधून कोण घालणार? मग मागच्या अंगणात चुलींची रांग बांधली, तेव्हा कुठं दवाखाना भरला. बायका डोक्यावर मक्याचं पीठ घेऊन चालत यायच्या.

विचारलं, आणि माणूस गेला तर?

म्हणाल्या, चूल लगेच विझवायची नाही. एकदा रांधायचं, ज्याचं कुणी नाही त्याला भरवायचं. मग घरी.

आता तिथं गॅस आला, चुली पाडल्या. बाईंचे डोळे भरले. मी उगाच विचारलं.

९ नोव्हेंबर, शनिवार

ह्यांना गिळता येत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तोंडानं आता काही द्यायचं नाही. यशपालनं मराठीत सांगितलं — माझ्याकडे न बघता.

तरी डबा नेला होता. ह्यांनी खुणेनं झाकण उघडायला लावलं. वास घेतला. "जिरं जास्त झालंय."

सगळा जन्म हेच! पेज परत आणली. टाकवेना. मीच खाल्ली, उभ्या उभ्या.

१० नोव्हेंबर, रविवार

पहाटे ह्यांचे डोळे मी मिटले. त्रिशरण म्हटलं. रोजचा घरखर्चाचा हिशेब लिहिला नाही. लग्नापासून पहिल्यांदाच.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

पेज केली. जिरं कमी घातलं. मैत्रीनं जर्मनमध्येच विचारलं, आता कुणासाठी? तेवढं कळलं मला. मी बूट घातले.

ह्यांच्या खाटेवर नवी चादर होती. नर्सला खुणेनं विचारून हेर फोग्टना भरवलं. सगळी खाल्ली त्यांनी.

मग घरी आले.