मुकादमाची पाठ

प्रिय ठमे,

तू फोनवर दर वेळी विचारतेस, मुकादम कसा आहे, आणि मी म्हणते, मजेत. ते खरं नाही. फोनवर तोंडातून तेच निघतं, म्हणून कागद घेतला. साऱ्या घराची पाहणी करत फिरतो म्हणून तूच कासवाला मुकादम म्हणू लागलीस. त्याची पाठ गेले दोन महिने बिघडली आहे. मागच्या दोन खवल्यांच्या सांध्यात पांढरट डाग पडले, दाबलं की तिथे कवच नरम लागायचं. वासही यायचा, कुबट फडक्याचा. मी खिडकी उघडायचे आणि वास बाहेरच्या गटाराचा आहे असं स्वतःलाच सांगायचे.

शेवटी टोपलीत घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण तुझ्याच वयाची असेल. तिने कवचावरून बोट फिरवलं, नाकाशी नेलं आणि विचारलं, आजी, याला काय लावता? जवसाचं तेल, म्हटलं. ती हसली नाही, ते बरं केलं. म्हणाली, तेलाखाली धूळ आणि ओल अडकते, मग बुरशी धरते. हे नुसतं टरफल नाही, पातळ थराखाली जिवंत हाड आहे. त्याला हात लावलेला कळतो.

बाबांचा रविवार तुला आठवत असेल. आठवडाभर लोकांची कपाटं-टेबलं पॉलिश करायची आणि सुट्टीच्या दिवशी वर्तमानपत्र पसरून मुकादमाला त्यावर बसवायचं, चिंधीने तेल चोळायचं. त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारच्या वस्तू होत्या, पॉलिश झालेल्या आणि राहिलेल्या. माझ्या टाचा पाहूनसुद्धा एकदा म्हणाले होते, पॉलिशचे दोन हात मारायला हवेत. तू कॉलेजात असताना त्यांना सांगितलंस, बाबा, कासवाला तेल लावत नाहीत. तर म्हणाले, आता लेक मला पॉलिश शिकवणार. आणि मीही तुलाच गप्प केलं, त्यांना कळतं म्हणून. तू चपला घालून निघून गेलीस ती अंधार पडल्यावर परतलीस.

ते गेले तेव्हा तेलाचा डबा अर्धा होता. मी लावू लागले. आधी रविवारी, मग दिवसाआड, मग रोज. दुपारचं जेवण उरकलं की या दोन खोल्यांत काही हलत नाही गं. मुकादम हलतो, तोही पलंगाखालून कपाटापर्यंत. त्याला मांडीवर घेतलं की तासभर हातांना काम असायचं. तेलाच्या त्या वासाने घरात कुणीतरी आहे असं वाटायचं.

डॉक्टरिणीला जे सांगितलं नाही ते तुला सांगते. डाग पडण्याच्या आधीच मी ग्रंथालयातून कासवांवरचं पुस्तक आणलं होतं. माझी शाळा चौथीपर्यंतची, पुढचं वाचन माझं मीच शिकले, पण वाचलेलं कळतं. तिथे स्वच्छ लिहिलं होतं, कवचाला तेल लावू नका. ते मी दोनदा वाचलं, पुस्तक मुदतीआधी परत केलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेल लावलं.

आता तेल बंद आहे. रोज कोमट पाणी आणि मऊ ब्रशने पाठ साफ करते, कोरडी पुसते, मलम लावते. कवचाला चुना मिळावा म्हणून पाल्याबरोबर समुद्रफेसाचा तुकडा ठेवते, तो कुरतडतो. डाग पसरायचे थांबलेत. पण डॉक्टरीण म्हणते, उन्हाशिवाय हाड धरणार नाही. रोज दोन-तीन तास उघड्यावरचं ऊन हवं, काचेतून आलेलं चालत नाही. आपल्या खिडकीसमोर भिंत आहे. तुझ्याकडे गच्ची आहे.

बाबा गेल्यावर तू दोनदा मला न्यायला आलीस. दोन्ही वेळा म्हटलं, मुकादमाला सोडून कशी येऊ? तू म्हणालीस, त्यालाही आण, तर मी चहा ठेवायला उठले. तिसऱ्यांदा तू विचारलं नाहीस, यात तुझी चूक नाही. मी मात्र वाट पाहत राहिले. हे पत्र लिहायला बसले ती त्याच्यासाठी गच्ची मागायला. पण कासवाला काय, टोपलीत घालून कुणाबरोबरही पाठवता येईल. ठमे, मलाच इथे एकटीला राहवत नाही. तुझ्याकडे जागा असेल तर येते. नसेल तर तसं मोकळेपणाने कळव, मी त्याला एकट्याला पाठवीन.

तुझीच,
आई