मातीसकट वजन

१० नोव्हेंबर, सोमवार

शिवदरीला सुखरूप पोचलो. आखाडा बाळापूरपर्यंत एसटी, पुढं जीप. जीपवाल्यानं माझ्या शिडीचंही तिकीट मागितलं. म्हणाला, तुमच्यापेक्षा तीच जास्त जागा खाऊन राहिली. सगळी जीप हसली, मीही हसलो.

देऊळ गावाबाहेर आहे. महादेवाचा गाभारा जुना, सभामंडप नवा. मंडपाच्या पायऱ्यांपासून ओढ्यापर्यंत तूरच तूर, आणि ती आता फुलावर आली आहे. देवळाचा कारभार माणिकराव पाहतात. त्यांनी मंडपाला लागूनच खोली दिली. मंडपाच्या उजव्या भिंतीवर शंकराची वरात काढायची आहे. पुढं नंदीवर देव आणि मागं भूतगणांची रांग. महाशिवरात्रीआधी काम पुरं झालं पाहिजे.

फ्लेक्स आल्यापासून पाट्या रंगवायचं काम गेलं. चार वर्षं मी लोकांच्या घरांना रंग मारतोय. आता पन्नाशीला टेकल्यावर देवानं स्वतःच्या भिंतीवर बोलावलं. आज उपास होता, तोही इथंच सुटला.

घरी फोन केला. आशाला सांगितलं की खोलीच्या दारातून पिंडीवरचा दिवा दिसतो. ती म्हणाली, दिवा दिसू द्या, पण जेवायला कोण देऊन राहिलं ते आधी सांगा.

१२ नोव्हेंबर

भिंत कोरी नाही. अर्धी वरात आधीच रंगलेली आहे. ओढ्यापलीकडच्या तांड्यावरच्या हिरासिंगनं ती काढली. त्यानं जन्मभर ट्रकच्या पाट्यांवर मोर आणि वाघ काढले. मग माणिकरावांनी काम थांबवलं. ते म्हणाले, माणूस गांजेकस हाय, अन् बायालेकरं ती तोंडं पाहून भेतात.

भ्यावं अशीच ती आहेत. एकाचं तोंड पोटात आहे, एकाला पाठीवर डोळे आहेत. पण ते चालत होते आणि मी आत आलो म्हणून थांबले, असं वाटतं. माझ्या हातून आयुष्यात असं काही उतरलेलं नाही.

दुपारी हिरासिंग स्वतः येऊन पायरीवर बसला. साठीच्या पुढचा, वाळका, हसऱ्या डोळ्यांचा. मी विचारलं की राग तर नाही ना आला. तो म्हणाला, काहून येईल? भिंत काय माझ्या बापाची हाय? देवाची वरात हाय, कुणीबी पुढं न्यावी.

१५ नोव्हेंबर

दोन गण काढले. दोन्ही मेलेले. गिरणीवाला दगडोबा दर्शनाला आला होता, तो म्हणाला, पेंटर, हे आपल्या ग्रामसेवकासारखं दिसून राहिलं, फक्त शिंगं जास्तीची. पुसून टाकले.

सांजेला तांड्यावर गेलो. हिरासिंगच्या बायकोनं, भिकाबाईनं, भाकर आणि ठेचा वाढला. मी त्याला विचारलं, ही तोंडं सुचतात कुठून? तो म्हणाला, सुचत न्हाईत, येतात. घोटा घ्यायचा, गांजा दुधात घोटलेला, अन् भिंतीपुढं गप बसायचं. ते येऊन उभे राहतात, मी नुसती कड काढतो. तुरीत त्याची थोडी गांजाची झाडं आहेत, महादेवाची झाडं म्हणतो तो त्यांना. भिकाबाई चुलीपासून म्हणाली की नाव देवाचं अन् तलफ याची.

मी तंबाखूसुद्धा कधी खाल्ली नाही. तरी रस्ताभर तेच डोक्यात होतं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

मी मागितलं. हे इथं स्पष्ट लिहून ठेवतो. त्यानं आपणहून दिलं नाही. दोनदा नको म्हणाला, तुमाला तकलीफ होईल म्हणाला. मी महादेवाचं नाव घातलं, तेव्हा दिलं. तांड्यावरच प्यायलो आणि येऊन भिंतीपुढं बसलो.

आधी काहीच नव्हतं. मग भिंतीवरचा निळा रंग बसलेल्या बैलाच्या पोटासारखा वरखाली होऊ लागला. पिंडीवर पडणाऱ्या थेंबाचा आवाज मला पिवळा दिसला. दुसऱ्या शब्दांत ते सांगता येणार नाही. मी रडत होतो आणि ते दुःखाचं रडणं नव्हतं. देव दगडात आहे असं लहानपणापासून ऐकत आलो, आज दगड देवात दिसला.

मग ते आले. तिघं. कोऱ्या चुन्यावर उभे राहिले, मी कड काढली. दिवस मावळेपर्यंत तिघंही पुरे झाले. त्यांचे हात मात्र रिकामे राहिले. काय द्यावं ते कळलं नाही.

१८ नोव्हेंबर

माणिकराव भिंतीपुढं बराच वेळ उभे होते. म्हणाले, याला म्हणतात शुद्ध हात, नशापाण्याशिवायचा. मी ब्रश धूत राहिलो.

हिरासिंग पाहून म्हणाला, बराबर उतरले. मी पुन्हा घोटा मागितला तर त्यानं सरळ नाही म्हटलं. एकदा दार दाखवलं, रोज उघडायचं न्हाई, ते मंग लागत न्हाई. मला वाटलं, आपल्यापेक्षा चांगलं झालं म्हणून जळतोय. आता विचार करतो तर जळत मीच होतो.

२६ नोव्हेंबर

हे लिहिलं पाहिजे.

दुपारी पोलिसांची गाडी आली. पंच म्हणून माणिकराव आणि मी. साहेब म्हणाले, बाहेरगावचा पंच बरा, त्याचं कुणाशी वैर नसतं. तुरीला कालच पाणी दिलेलं होतं. त्यांनी हिरासिंगची झाडं मुळासकट उपटली. काळ्या चिखलाचे गोळे मुळांना तसेच होते. दगडोबाच्या गिरणीतला काटा आणून सगळं एकत्र तोललं. खोडं, मुळं, माती. एकतीस किलो. हिरासिंग त्यातला फक्त शेंड्याचा फुलोरा घेतो. तो सगळा मिळून एका पिशवीत मावला असता. मला ते माहीत होतं. मी त्याच्या घरी पाहिलं होतं.

हिरासिंग माझ्याकडं पाहून म्हणाला, पेंटरभाऊ, माती तरी झटका म्हणा की यांना. मी माझ्या पायांकडं पाहत राहिलो. यानंही प्यायलं असं तो म्हणेल, एवढीच भीती माझ्या मनात होती. तो म्हणाला नाही. गाडीत बसेपर्यंत म्हणाला नाही.

पंचनाम्यात 'गांजाचा फुलोरा, एकतीस किलो' असं होतं. मी वाचलं आणि सही केली. मग साहेब म्हणाले, तुमी पेंटर ना, पोत्यावर नीट अक्षरात लिहा. मी ब्रश आणला. लाल रंगात तेच शब्द लिहिले. सवयीनं अक्षरांना सावलीही दिली. साहेब म्हणाले, छापल्यासारखं अक्षर आहे. मला बरं वाटलं. त्या क्षणी खरोखर बरं वाटलं, देवा.

२७ नोव्हेंबर

सकाळी उठताना बाजेची पट्टी तुटली. जुनी असेल.

३० नोव्हेंबर

शिडीची पायरी मोडली. शेतातून आलो तर पाय घोट्यापर्यंत रुतले, आणि माझ्यापुढं चालणाऱ्या जाड्या माणसाचा नुसता ठसा उमटत होता.

गिरणीवर जाऊन काट्यावर उभा राहिलो. दगडोबा म्हणाला, देवाचा प्रसाद लई मानवला. मग त्यानं आकडा पाहिला. काटा बिघडला म्हणून त्यानं ज्वारीचं पोतं ठेवून पाहिलं. काटा ठीक होता. श्रावणात आरोग्य शिबिरात माझं वजन अठ्ठावन्न भरलं होतं. आता एकोणनव्वद. सदरा अंगावर तसाच ढिला आहे. मधला फरक मी मनात काढला आणि पुन्हा काढला नाही.

१ डिसेंबर, सोमवार

उपास आहे. पाण्याशिवाय काही घेतलेलं नाही. तरी भर दुपारी निळा रंग पुन्हा वरखाली होतोय.

या वेळी पिवळं काही नाही, रडू नाही, देव नाही. माझ्या तिन्ही गणांची बोटं वळली आहेत. काहीतरी बुडाशी धरून उपटायला वळावीत तशी. मी ती तशी काढली नव्हती.

३ डिसेंबर

भिकाबाई आली. तिला वकिलानं समजावलं आहे. कायद्यात गांजा म्हणजे फुलोरा. खोड, मुळं, माती त्यात धरायची नसते. पण वीस किलोच्या वर गेलं की जामीन मिळणं अवघड, आणि शिक्षा दहा वर्षांच्या पुढं. अकरा तारखेला हिंगोलीच्या कोर्टात जामिनाचा अर्ज आहे. तोलताना जे पाहिलं तेवढं मी शपथेवर लिहून द्यायचं.

ती म्हणाली, त्यानं लावलं, त्याची सजा तो भोगंल, मी न्हाई म्हणत न्हाई. पण मातीची सजा काहून भोगावी माणसानं? जेलात तो भिंतीकडं तोंड करून बसतो, जेवत न्हाई. दहा वर्षं न्हाई निघायचा तो. तुमी छान लिहिता म्हणं. आता खरं लिवा.

मी हो म्हणालो. तिच्याबरोबर जीपनं जायचं ठरलं.

४ डिसेंबर

काय सांगू! नव्या बाजेवरून अलगद उठलो. परांचीवर पोरासारखा चढलो. गिरणीवर जाऊन आलो, अठ्ठावन्न. दगडोबा म्हणाला, माणूस हाय का कापूस? भिंत गप्प आहे. निळा नुसता निळा आहे. पिंडीपुढं बराच वेळ डोकं टेकवलं.

६ डिसेंबर

माणिकरावांनी चहाला बोलावलं. आवाज चढवला नाही. म्हणाले, सही केल्यावर उलटलात तर खोटा पंच म्हणून तुमच्यावरच येईल. माझीबी सही हाय त्याच्याखाली, मी काय खोटा? मग कपात साखर ढवळत सहज विचारलं की पेंटर, त्या सोमवारी तांड्यावर तुमी काय प्यायलात? लोकं बोलून राहिलेत म्हणून विचारलं. घरी लेकी असतील ना लग्नाच्या?

एक आहे. सृष्टी.

७ डिसेंबर

भिकाबाईला सांगितलं की माझं जमायचं नाही. ती वाद घालायला लागली असती तर बरं झालं असतं. माझ्यासाठी फडक्यात भाकर बांधून आणली होती, ती उंबऱ्यावर ठेवली आणि गेली. मी ती खाल्ली. भूक होती म्हणून खाल्ली.

८ डिसेंबर, सोमवार

परत आलं. जास्त आहे. पाय टेकला तिथली फरशी तडकली. माणिकराव तडा पाहून म्हणाले, कॉन्ट्रॅक्टरनं माल खाल्ला.

वाकळेत ओली काळी माती. झटकली. पुन्हा होती. माझ्याच तळपायांतून येते.

९ डिसेंबर

पाय धुतले. बोटांच्या मधून पांढरे केसासारखे धागे. ओढले तर पोटात दुखलं — वर, बरगडीखाली. इतक्या आतून.

आशाचा फोन आला होता. आवाज जड का येतोय, विचारत होती. सर्दी म्हणालो. सृष्टीला फोन दे म्हणणार होतो. नाही म्हटलं.

मनातल्या मनात नाव घेतो. महादेवा, महादेवा. तोंडात मातीची चव येते.

१० डिसेंबर

उभा राहिलो होतो. बसता येईना. पाय फरशीच्या तड्यातून खाली —

खोलीच्या दारातून भिंत दिसते. तिघांच्या जागी चुना आहे. कोरा.

माणिकराव दाराशी आले, रंग कधी संपणार विचारलं. मी बोललो. त्यांना फक्त सळसळ ऐकू आली असावी. तुरीकडं बघत म्हणाले, वारं सुटलं. दार ओढून घेतलं त्यांनी. बाहेरून.

मी ओरडू शकलो असतो. पण काय म्हणून ओरडू? मी खरं बोललो तर त्यांना ऐकू येईल, असं आतून वाटतंय. तेच एक वाक्य सोडून बाकी सगळं ओरडून पाहिलं.

११ डिसेंबर

उजाडलं. भिकाबाई आली आहे. दाराबाहेर आहे. जीप थांबलीय म्हणते. शेवटचं इचारते पेंटरभाऊ, म्हणते.

येतोय म्हणालो. तिला ऐकू आलं. पहिल्यांदा ऐकू आलं कुणाला तरी. ती म्हणाली, मंग या की.

पाय नाहीत. कमरेपर्यंत — दाराची कडी बाहेरून आहे, तिला सांगितलं, ती कडी काढतेय, गंजलीय, निघत नाही. माझ्या मागं तिघं आहेत. वळून बघत नाही. त्यांचे हात माझ्या काखेत.

पान फाडून दाराखालून सारतो. हात उचलतोय तोवर. बाई, हे वकिलाला दे.

मी, विश्वंभर, राहणार सेनगाव, पंच, महादेवाची शपथ घेऊन खरं लिहून देतो की ती झाडं मुळासकट, ओल्या मातीसकट तोलली. मी पाहिलं. पोत्यावरचं अक्षर माझं आहे आणि ते खोटं आहे. फुलोरा त्यात फक्त —