खलास

जिझान, गुरुवार

सकाळी कफीलला, म्हणजे माझ्या इथल्या मालकाला, फोनवर एवढंच विचारलं, की इकामा, माझा इथे राहण्याचा परवाना, वाढेल का. माझ्या टेबलाशेजारी एक सौदी माणूस बसवलाय. त्याला माझं काम मीच शिकवतोय. कफील म्हणाला, "खलास," आणि फोन ठेवला. म्हणजे काम झालं, की मीच संपलो? अरबीत दोन्ही होतं.

संध्याकाळी इब्राहिमचाचांबरोबर धक्क्यावर मासे धरायला गेलो. चाचा दापोलीकडचे. पाण्याला भलतीच ओढ. माझा माशासारखा दिसणारा धातूचा जिग तिरका वाहत गेला, तळाला टेकेचना.

"जोशा, पतंग उडवतोस काय? जड जिग लाव."

जड लावला. दोरी सैल पडली, तळ लागला.

"खलास! आता उचल!" चाचा ओरडले.

त्यांचं खलास किती सरळ. मासा काही लागला नाही.

परत आल्यावर हिला फोन केला. "झालं का इकाम्याचं?"

"खलास म्हणाला."

"म्हणजे संपलं सगळं?" तिला फक्त आपलं मराठीतलं खलास माहीत. 'काम झालं' हा दुसरा अर्थ समजावला. समजावताना मलाच पटेना.

"मग नीट विचारलं का नाहीत?"

तळ लागला असता म्हणून. हे तिला सांगितलं नाही.