डावी बाही

तैपेई, १६ ऑगस्ट १९९६

ती. आईस, सू-छिनचा सा. न. वि. वि.

काल मैत्रिणीने ओढून एका सिनेमाला नेलं. त्यात तैपेईतली चार माणसं रोज एकाच पुलावरून जातात आणि एकमेकांना ओळखत नाहीत. बस, एवढंच! ना गाणं, ना मारामारी. अर्धं थिएटर घोरत होतं, मीही डुलक्या घेत होते. इतक्यात पुलावरून एक माणूस पाठमोरा गेला आणि माझी झोपच उडाली. हिरवा स्वेटर, डावी बाही पोपटी. लोकर कमी पडली म्हणून तू जोडलेली! आई, आपला आ-लियांग गं! बाबांशी भांडून घर सोडलं त्याला तीन वर्षं झाली, आणि तो इथेच आहे. मी सिनेमावाल्यांना गाठते. मामाला म्हणावं, मेलेल्यांच्या पंगतीत त्याचा वाडगा मांडायचं नाव यंदाही काढू नकोस.

लोभ आहेच, तो वाढव.

तुझी सू-छिन

तैतोंग, २१ ऑगस्ट

चि. सू-छिन हिस अ. उ. आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. पंचांगातला सातवा महिना लागला, मेलेले घरोघर जेवायला यायला लागले, की मामा दर वर्षी डोकं खातो. म्हणे पोरगा गेला असला आणि वाडगा मांडला नाही, तर तो दारोदार उपाशी फिरेल. काल त्याला सुनावलं, थांब, तुझाच मांडते. बाबांनी पोस्टमनला धरून चहा पाजला.

आ-लियांग वाळलाय का गं? ती बाही बघून म्हणाला होता, आई, माझा एक हात कच्चाच राहिला. वात्रट मेला! मी नवा स्वेटर घातलाय विणायला. या खेपेला लोकर भरपूर आणलीय.

तुझी आई

तैपेई, ८ सप्टेंबर

ती. आईस सा. न.

कसं लिहू कळत नाही. पुलावरचा तो माणूस आ-लियांग नव्हे. एका दिवसाच्या मजुरीवर आणलेला कुणी परका. स्वेटर सिनेमावाल्यांनी जुन्या बाजारात घेतला होता. तिथला म्हातारा म्हणाला, ज्यांना न्यायला कुणी येत नाही, त्यांचे कपडे माझ्याकडे येतात. मी सरकारी शवागारात जाऊन वही पाहिली. जानेवारी ९४, बागेतल्या बाकावर, थंडीने. फोटोही पाहिला. आपलाच आहे. माझ्या घरापासून ती बाग दोन बस थांब्यांवर आहे, आई.

सू-छिन

तैतोंग, १२ सप्टेंबर

चि. सू-छिन हिस आशीर्वाद.

आज मेलेल्यांच्या महिन्याचा शेवटचा दिवस. मी तीन वाडगे मांडले, एक यंदाचा आणि दोन मागच्या वर्षांचे. माझ्या हट्टापायी माझं लेकरू दोन वर्षं उपाशी फिरलं. मामा रडला. बाबा अजून अंगणातच बसून आहेत.

स्वेटर पुरा झालाय, सोबत पाठवतेय. दोन्ही बाह्या एकाच रंगाच्या आहेत. पुलावरच्या त्या माणसाला शोधून दे. आणि त्याला आ-लियांगचा जुना स्वेटर बरोबर बसला होता का, तेवढं विचारून कळव.

आई