भुईचाफ्याजवळची चप्पल

मेढा, २८ एप्रिल, संध्याकाळ

चार दिवस लिहायचं टाळतोय, पण आज चपलेपायी लिहावंच लागतंय.

मावशीला भुईचाफा बघायचाय. पान नाही, देठ नाही, नुसतं फूल कोरड्या मातीतून वर आलेलं. पुढच्या वर्षी तिचे गुडघे डोंगर चढू देतील का, कुणास ठाऊक. मी म्हणालो, खणून आणतो. तर म्हणाली, "उपटून आणलंस तर दारात घेणार न्हाई. मलाच तिथवर न्हे."

आज सकाळी झाडीत एकच सापडला. खुणेला शेजारी डावी चप्पल ठेवली आणि तिला आणायला पळालो. वाटेत करवंदं दिसली. मग काय! पोट भरलं, फुलाकडची वाट विसरलो. दुपारभर हिंडलो; ना फूल, ना चप्पल.

मावशी काठी घेऊन तयारच होती. "एका चपलेत कोण फिरतं रं?" मी अनवाणी पाय मागं लपवला. पण चप्पल तिथं आहे म्हणजे फूलही आहेच की! उद्या उजाडताच शोधतो...

आत्ता ओट्यावर कोण ओरडतंय? खालच्या वाडीतले म्हातारे बापू आलेत. "आवं वैनी, भाच्याची चप्पल घावली रानात! एका पायानं हिंडत हुतं लेकरू."

हातात माझी डावी चप्पल. टोपीत खोचलेला भुईचाफा.