कोळदऱ्याची अर्धी नाली

कोळदरा, ता. मालेगाव, जि. वाशीम
२७ जून २०२४

चि. शेषराव यास,
विमलबाईचा जयभीम व अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तू हो हो म्हणतो आणि ठेवून देतो, म्हणून कागदावर लिहून राह्यली. कागद बाजूले ठेवायचा तरी आधी वाचावा लागते.

आपल्या शेजारची धनीबाई नालीत पडली. परवा मंगळवारी, भर दुपारी. उजव्या पायाचा खुबा मोडला. वाशीमच्या दवाखान्यात आहे, ऑपरेशन उद्या.

कशी पडली ते सांगते. शिरपूर फाट्यापासून गावात सिमेंटचा रस्ता झाला, हे तुले माहीतच आहे. रस्ता इतका उंच केला की आपल्या वस्तीतली घरं खड्ड्यात गेली; माझ्या उंबऱ्यापेक्षा रस्ता हातभर वर आहे. दोन्ही बाजूनं नाली खणली. शाळेपर्यंत नालीवर ढापे टाकले, त्यावर लाल-पिवळे गट्टू बसवले, पायी चालणाऱ्यांसाठी म्हणे. शाळेच्या खाली, म्हणजे आपल्या वस्तीत, नाली उघडी टाकून ठेकेदार निघून गेला. पाऊस आला की अंगण आणि नाली एकच दिसते, वरून नुसतं गढूळ पाणी. धनीबाई रेशन आणायले निघाली, अंगण समजून पाय टाकला तो थेट नालीत. तिची सून स्नेहा धावली म्हणून बाहेर तरी निघाली.

आणि वरच्या आळीत ढापे आहेत तर तिथंही चालायले जागा नाही. गट्टूंवर ट्रॅक्टर, मळणी यंत्र, मोटरसायकली. गाड्या लावायले स्टँडजवळ जागा मंजूर आहे, तिथं सरपंचाच्या पुतण्यानं विटा रचल्या. मी सरपंचाले विचारलं, म्हाताऱ्या माणसानं चालावं कुठून. तर म्हणे, बाई, काम पूर्ण झालं, फलक वाचा. फलकावर खरंच लिहिलं आहे, दोन्ही बाजूंनी बंदिस्त नाली व पादचारी मार्ग, ६४० मीटर, काम पूर्ण. मी सरपंचाले म्हटलं, मग धनीबाई पडली कशात, फलकात?

तू जन्मभर बांधकाम खात्यात काढला, आताही त्या कंपनीत रस्त्यांची तपासणीच करतो. अर्ज कोणाकडं करायचा, त्यात काय लिहायचं, लगेच कळव.

भावजयीले आणि संघपालले आशीर्वाद. तुझा लोभ आहे हे ठाऊक आहे, या वेळी तो कामाले येऊ दे.

तुझी,
विमलबाई


अकोला
४ जुलै २०२४

ति. बाईस,
शेषरावचा सविनय जयभीम. वि. वि.

पत्र पोचलं. धनीबाईचं वाचून फार वाईट वाटलं. संघपालला मुद्दाम वाशीमला पाठवलं होतं. ऑपरेशन बरं झालं, म्हातारी बोलते, चहा मागते, असं त्यानं सांगितलं. घरी नेल्यावर पलंगाला उंच पाय लावून घ्या, उठायला सोपं जातं.

नालीचं म्हणशील तर जरा दमानं घे. भर पावसात सिमेंटचं काम कोणी करत नाही. दिवाळीच्या सुमारास ठेकेदाराची माणसं येतील, उरलेलं करून देतील. तोवर घरापुढं फळ्या टाकून घ्या. अर्ज, माहितीचा अधिकार, या भानगडीत मात्र तू पडू नकोस. घरात एकटी असतेस, गावाशी वैर घेऊन कसं निभेल? तुझी भावजय हसून म्हणाली, बाई अंगणवाडीतून निवृत्त झाल्या, पण सरपंचाला अजून पाटी घेऊन बसलेलं पोरच समजतात.

धम्मदीपा सासरी रमली आहे. तुझ्या गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळव. माया आहे ती अशीच असू दे.

तुझा,
शेषराव


कोळदरा
५ ऑगस्ट २०२४

शेषराव,

आशीर्वाद या पत्रात नाही. आधी हे वाच.

तुझं पत्र यायच्या आधीच मी आणि स्नेहानं माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला होता. शनिवारी कागद आले. त्यात तपासणीचा अहवाल आहे. जसा आहे तसा उतरवते. ‘दि. ४ मार्च २०२४ रोजी प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहणी केली. ६४० मीटर लांबीची बंदिस्त नाली व पादचारी मार्ग आराखड्याप्रमाणे आढळून आला.’ खाली सही. स्नेहा मोठ्यानं वाचत होती, नावापाशी आली आणि थांबली. मी कागद तिच्या हातातून घेतला. सही तुझी आहे.

४ मार्चले धम्मदीपाचं लग्न होतं. तू अकोल्यात मंडपात होता. पोरीची पाठवणी करताना माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होता. मग कोळदऱ्यात जागेवर जाऊन पाहणी कोणी केली?

आणि मले लिहितो, दमानं घे. फळ्या टाका. वैर घेऊ नको. तुले माझी काळजी आहे असं समजून मी ते पत्र धनीबाईच्या घरी वाचून दाखवलं. सगळ्यांसमोर. आता त्या घरात पाय टाकताना मले काय होते, ते तुले कसं समजावं.

गावात काम वरून सुरू होते आणि आपल्या वस्तीपाशी आलं की सामान संपते. नळाचं तेच झालं, दिव्यांचं तेच झालं. दर वेळी आमी भांडलो, कारण करणारा दुसरा होता. आता सही आपल्या घरातली आहे. मी कोणाशी भांडू?

तुले शाळेत घालायच्या दिवशी आई शेतात निंदायले गेली होती. धनीबाई तुले घेऊन गेली. मास्तर उद्या या म्हणाला, तर नाव लिहून घेतल्याशिवाय ती पायरीवरून उठली नाही. त्या नावाची तू आता सही करतो.

 स्नेहानं मले एवढंच विचारलं, काकी, १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत हा कागद वाचायचा की नाही. मी म्हटलं, वाच. तुले आधी कळवून राह्यली, कारण पाठीमागून करायची मले सवय नाही.

लोभ असावा, असं या खेपेले लिहीत नाही.

विमल


अकोला
१० ऑगस्ट २०२४

ति. बाईस,
सविनय जयभीम.

तू लिहिलंस ते खरं आहे. मी आलो नव्हतो.

लग्नानंतर आठवड्यानं कंपनीचा माणूस फाइल घेऊन घरी आला. सोबत फोटो होते, सगळे शाळेच्या वरच्या बाजूचे. मी तीस वर्षं रस्ते पाहिले. आपल्या वस्तीतलं एकही घर फोटोत नाही, हे मला दिसलं नाही असं म्हणालो तर ते दुसरं खोटं होईल. दिसलं. आपलंच गाव आहे, पुढच्या महिन्यात जाऊन बघू, असं मनात म्हणालो आणि सही केली. तारीख त्यानं आधीच टाकून आणली होती, ती मी पाहिलीसुद्धा नाही. पुढच्या महिन्यात आलो नाही. कोणी मला काही दिलं नाही, बाई. देण्याची गरजच पडली नाही.

तुझं पहिलं पत्र वाचलं तेव्हाच धनीबाई कशामुळे पडली ते मला कळलं. अर्ज करू नकोस असं लिहिलं ते तुझ्या काळजीनं नव्हे, माझ्या भीतीनं.

अहवाल मागे घेतो आणि शाळेखालचं काम झालेलंच नाही, असं पत्र काल बांधकाम खात्याच्या मोठ्या साहेबांच्या हातात दिलं. पोच जोडली आहे. कंपनीनं सायंकाळी फोन करून येऊ नका सांगितलं. चौकशी लागेल. वकिलाला न विचारता लिहून दिलं म्हणून संघपाल बोलत नाही.

१५ तारखेला मी येतो. तो कागद स्नेहानं वाचू नये, मीच वाचीन. तुझ्या घरी उतरणार नाही. सकाळच्या एसटीनं येईन आणि दुपारच्या गाडीनं परत जाईन.

लोभ मागायला तोंड नाही.

शेषराव


कोळदरा
२२ सप्टेंबर २०२४

शेषराव यास,
जयभीम.

ग्रामसभेत कागद वाचून तू खाली मान घालून निघून गेला, पाणीही प्यायला नाही. पुढचं तुले कोणी सांगितलं नसेल.

तू गेल्यावर सरपंच उभा राहिला. म्हणे, ऐकलं सर्वांनी, चूक यांच्याच माणसाची आहे, ग्रामपंचायतीचा काय संबंध.  तेव्हा वरच्या आळीतला गोविंदा उठला. त्याची पोरगी गट्टूंवरच्या ट्रॅक्टरमुळे रस्त्याच्या मधातून शाळेत जाते, दोनदा गाडीखाली येता येता वाचली. त्यानं विचारलं, सही शेषरावची आहे, मान्य. पण स्टँडजवळच्या विटा कोणाच्या आहेत? मग वरच्या आणि खालच्या, सगळ्या बाया उठल्या. नाली मोजायची तारीख लिहून घेतल्याशिवाय आमी सभा उठू दिली नाही.

आठ दिवसांनी साहेब टेप घेऊन आले. ढापे टाकलेली नाली मोजून निघाली ३४५ मीटर. मागच्या आठवड्यात वस्तीचे ढापे यायले लागले. पहिल्या ट्रॅक्टरमधल्या एका ढाप्यावर मी पहार मारली, तो एका टोल्यात फुटला. सगळा ट्रॅक्टर परत पाठवला. ठेकेदाराचा माणूस म्हणे, बाई, तुमाले यातलं काय समजते. मी म्हटलं, फुटलेलं समजते. दुसरा माल बरा आहे. सोमवारपर्यंत माझ्या दारापर्यंत येतील. विटा अर्ध्या उचलल्या, अर्ध्या तशाच. ट्रॅक्टर दिवसा काढतात आणि दिवस मावळला की आणून लावतात. म्हणजे भांडण सरलं नाही.

माझा रागही सरला नाही, असं समज. तू उभं राहून वाचलं ते चांगलं केलं, पण ते तुले मार्चमध्ये करता आलं असतं. लोक माझ्याशी बोलतात, चहाले बोलावतात. तुझं नाव निघालं की विषय बदलतात. मले ते लय लागते. संघपालचा फोन आला होता. मी त्याले सांगितलं, बापाशी बोल, अबोल्यानं चौकशी थांबत नाही.

आता ज्यासाठी लिहायले बसली ते. धनीबाई घरी आहे. वॉकर धरून दारापर्यंत येते, त्याच्या पुढं नाही. डॉक्टर म्हणे, आता इतकंच. तुझ्या सहीचं आमी तिले सांगितलं नव्हतं. परवा स्नेहानं सांगितलं. म्हातारीनं ऐकून घेतलं. काल सकाळी मले बोलावून म्हणे, शेषरावले बोलाव. मी म्हटलं, काय सांगायचं ते सांग, मी पत्रात लिहिते. म्हणे, लिहून नाही, त्याले माह्यासमोर बसव. राग आहे की काय आहे, तिच्या तोंडावरून मले काही समजलं नाही.

रविवारी ये. आधी तिच्याकडं जा, एकटा. मी सोबत येणार नाही आणि मधात पडणार नाही. ती उठ म्हणेल तेव्हा उठ, मग माझ्याकडं जेवायले ये. भाकरी टाकून ठेवते.

लोभ किती उरला, ते जेवताना पाहू.

विमलबाई